काचेची खरखरीत बाजू

आमच्या बाथरूमची खिडकी अडीच फूट उंच आणि दोन फूट रुंद आहे. जमिनीपासून तीन फुटांवर ती सुरू होते. बाथरूमच्या मानाने फारच मोठी. ज्याने बिल्डिंग बांधली त्याच्याकडे बहुधा बैठकीच्या खोलीची एक चौकट उरली असावी. तिला साधी, आरपार दिसणारी काच होती आणि बावीस वर्षं त्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती, कारण समोर अठरा फुटांवर एका गोदामाची कोरी भिंत होती. भिंतीला कोण लाजतं?

गेल्या महिन्यात ती भिंत फुटली. आधी ठोकाठोक, मग धूळ, मग एक ऐसपैस खिडकी आणि खिडकीच्या आत एक निळी खुर्ची. खुर्ची मागे कलंडणारी होती आणि तिची पायांची बाजू आमच्याकडे होती. गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना आला होता. तिथे येणारा प्रत्येक पेशंट आता आमच्या बाथरूमकडे अक्षरशः आ वासून बघणार होता.

नवऱ्याने त्याच दिवशी खिडकीवर जाड चादर लावली. त्याच्या मते प्रश्न मिटला. आईंचा प्रश्न तिथून सुरू झाला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय एक्याऐंशी. काचबिंदूमुळे त्यांना आता फक्त समोरचं, जवळचं आणि भरपूर उजेडातलं थोडंसं दिसतं. दिव्याच्या उजेडाने त्यांचे डोळे दिपतात आणि होतं तेवढंही जातं. हे बिल्डिंगमध्ये कोणालाही माहीत नाही. त्या जिना पायऱ्या मोजून उतरतात, माणसं आवाजावरून ओळखतात आणि समोरच्याने तोंड उघडण्याआधी "काय, बरं आहे ना?" असं विचारून त्याला तोंड उघडायला लावतात. रोज दहाच्या सुमारास दोन इमारतींमधल्या फटीत ऊन उतरतं आणि बाथरूम उजळून निघतं. त्या उजेडात त्या स्वतःची आंघोळ स्वतः करतात. अर्धा तास लागतो. मध्ये दार वाजवलेलं चालत नाही.

चादरीच्या तिसऱ्या दिवशी त्या पडल्या. जिथे स्टूल आहे असं त्यांना वाटलं तिथे ते नव्हतं. कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. पण नवऱ्याने तासाभरात बहिणीला फोन केला आणि माझ्या नणंदेने पुढच्या तासाभरात एक बाई शोधून काढली. अनुभवी, शांत, परवाचा सोडून त्यापुढच्या सोमवारी कामावर येऊ शकणारी. ती आईंना आंघोळ घालणार होती.

"मला आंघोळ घालणार?" आईंनी विचारलं.

"आई, उद्या पुन्हा पडलीस तर?"

"अंधार तू केलास, पडले मी, आणि बाई ठेवायची तीही मलाच?"

"अगं, तुझ्या वयाच्या सगळ्यांकडे असते."

"हे बघ, दुसऱ्यांनी मला आंघोळ घालायची वेळ एकदा येणारच आहे. तेव्हा खुशाल घाला, मी अवाक्षर काढणार नाही. तोपर्यंत मला कोणी हात लावायचा नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू कॉलेजात उजेडाचंच शिकवतेस ना गं?"

मी प्रकाशशास्त्र शिकवते. सव्वीस वर्षांत घरातल्या कोणी त्या विषयातलं काही मागितलं नव्हतं.

"मग सोमवारच्या आत काहीतरी काढ. चादर काढली तर तो दात उपटणारा बघणार, ठेवली तर मी आपटणार. उजेड आत आला पाहिजे, बघणारा बाहेर राहिला पाहिजे. एवढंसं तर आहे."

नवरा म्हणाला, सोमवारपर्यंत झालं तर झालं, नाहीतर बाई येईल. आज शनिवार होता. म्हणजे नऊ दिवस. मी वही काढली.

माझी वही निघाली की ती बाल्कनीच्या वाटेने शेजारच्या काकूंना दिसते. त्यांनी खिडकीत वेल सोडण्याचा सल्ला दिला. वेल किती दिवसांत भरतो असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "दोन वर्षांत गच्च होतो." मधली दोन वर्षं काय करायचं, हे त्यांनी आमच्यावर सोडलं. नवऱ्याने काचेवर चिकटवायचा कागद आणला. त्यावर उड्या मारणारे मासे होते. काचेवर तो तीन तास टिकला, मग एकेक मासा बादलीत उतरला. बादलीतून मासे काढणं मला या वयात अपेक्षित नव्हतं.

उपाय मला पहिल्याच दिवशी माहीत होता: दुधी काच. प्रकाश आत येतो, पण विखुरून, त्यामुळे चित्र बनत नाही. काच बदलायची म्हणजे सोसायटीची परवानगी हवी, म्हणून सोमवारी सकाळीच मी सेक्रेटरींकडे गेले. ते नियमांची फाइल उशाशी घेऊन झोपत असावेत, कारण दार उघडतानाच ती त्यांच्या हातात होती.

"वहिनी, बिल्डिंगचं बाहेरचं रूप बदलायचं तर अर्ज लागतो."

"पण ती मागची बाजू आहे."

"तुमची मागची. दवाखान्याची ती पुढची आहे."

त्यांनी मला सात दिवसांची तात्पुरती परवानगी दिली. सात दिवसांत समोरच्यांनी लिहून द्यायचं की आमच्या जागेवरून तुमच्या खिडकीत काही दिसत नाही. नाही लिहून दिलं तर जुनी काच परत बसवायची.

"म्हणजे काही दिसत असेल, तर आणखी स्पष्ट दिसणारी काच लावायची?"

"नियम आहे," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनाही ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण शिक्का मारून झाला होता.

खुर्चीत पडलेल्या माणसाला नेमकं काय दिसतं, हे आधी पाहायला हवं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात गेले आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, मला खुर्चीत दोन मिनिटं बसू द्या.

"नाव नोंदवा. उद्या साडेदहा."

"मला दातांचं काही नाही. नुसतं बसायचंय."

"नुसतं कोणी बसत नाही, मॅडम."

मंगळवारी साडेदहाला मी खुर्चीत आडवी होते. समोर, माझ्या बुटांच्या टोकांमधोमध, आमची खिडकी. चादरीवरची फुलंसुद्धा मोजता येत होती. मी वहीत कोन लिहून घेत होते तेवढ्यात डॉक्टर आले. तरुण, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि "आ करा" म्हणाले. डॉक्टरांनी "आ करा" म्हटल्यावर माणूस आधी आ करतो आणि मग विचार करतो. खालच्या डाव्या बाजूची शेवटून दुसरी दाढ आतून पोखरलेली निघाली. मी खिडकी पाहायला गेले होते, त्यांनी दाढ पाहिली. रूट कॅनॉल करावं लागणार होतं.

तोंड मोकळं झाल्यावर मी मूळ विषय काढला. तुमच्या खिडकीला पडदा का लावत नाही?

"नाही लावता येत," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "इकडे खिडकी पाडली ती उजेडासाठीच. नवीन दात बसवायचा तर बाजूच्या दाताशी रंग जुळवावा लागतो. ट्यूबलाइटखाली जुळलेला दात उन्हात पिवळा दिसतो. तसं का होतं कोण जाणे."

ते का होतं, हे मला माहीत होतं. मी त्यांना पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. प्रत्येक दिव्याच्या उजेडात रंगांचं प्रमाण वेगळं कसं असतं आणि दिवसाच्या उजेडाला पर्याय का नाही, हे त्यांच्याच पॅडवर आकृती काढून पटवून दिलं. ते इतके खूश झाले की आकृती त्यांनी भिंतीला लावली. परतताना जिन्यात माझ्या लक्षात आलं की त्यांनी पडदा का लावू नये, याचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच देऊन आले होते.

म्हणजे काच आमच्याच बाजूने. शुक्रवारी काचवाला आला. कानावर पेन्सिल, बोलणं कमी. त्याने दुधी काचेचा तुकडा माझ्या हातात दिला. एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरखरीत.

"खरखरीत बाजू बाहेर घेतो," तो म्हणाला.

"का?"

"तशीच घेतात, ताई."

"तशीच घेतात हे झालं. कारण काय?"

तो जरा गोंधळला. बहुधा आजवर कोणी विचारलं नसावं. "बाथरूम आहे ना," तो म्हणाला.

"बाथरूम आहे हे कारण होत नाही."

मी त्याला माझा हिशोब दाखवला. खिडकीला बाहेरून जाळी आहे, बाहेरच्या बाजूला हात पोचत नाही. खरखरीत पृष्ठभागावर धूळ धरते. वर्षभरात उजेड निदान एक चतुर्थांश कमी होणार, आणि आईंना एक चतुर्थांश उजेड गमावणं परवडणारं नव्हतं. म्हणून खरखरीत बाजू आत, हाताशी, रोज पुसता येईल अशी. काचवाल्याने वहीतल्या आकड्यांकडे आदराने पाहिलं.

"तुम्ही शिकलेल्या आहात," तो म्हणाला आणि त्याने खरखरीत बाजू आत बसवली.

चार वाजता मी चाचणी घेतली. आता मी दवाखान्याची पेशंट असल्यामुळे खुर्चीपाशी उभं राहायला कोणी हरकत घेतली नाही. नवरा लाल शर्ट घालून आमच्या बाथरूममध्ये उभा राहिला आणि मी फोनवर सांगेन तसे हात हलवत होता.

"उडी मार."

"मारली. दिसतंय?"

"फक्त गुलाबी धुकं. पुन्हा मार."

"अगं, काकू बाल्कनीतून विचारतायत काय चाललंय."

"सांग चाचणी चाललीये."

मी वहीत लिहिलं: आकृती ओळखता येत नाही, समाधानकारक. काच कोरडी होती. हे नोंदवावंसं मला वाटलं नाही.

मधले दिवस आईंनी ओल्या टॉवेलने अंग पुसण्यावर काढले होते आणि त्याबद्दल रोज आम्हाला ऐकवलं होतं. शनिवारी सकाळी त्यांनी नवीन काचेवर तळवा फिरवला. "झकास उजेड आहे," त्या म्हणाल्या. "त्या बाईला नाही म्हणून कळव."

"सोमवारपर्यंत बघू," नवरा म्हणाला. "एकदा करून तर दाखव. आज मी दाराबाहेरच उभा राहतो."

"उभा राहा. बोलू नकोस."

माझी रूट कॅनॉलची वेळ दहाची होती. मी खुर्चीत आडवी झाले, इंजेक्शन बसलं, डावा गाल दगड झाला. तोंडात रबराचा पडदा, दोन नळ्या आणि एक आकडा. समोर आमची खिडकी, पांढरीशुभ्र, उन्हात चमकणारी, तिच्यामागे काहीही न दिसणारी. मला त्या खिडकीचा अभिमान वाटला. शांत, मोजूनमापून केलेल्या कामाचा अभिमान.

दहा वाजून सहा मिनिटांनी तिच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक पारदर्शक ठिपका उमटला.

मी दरवर्षी पहिल्या सत्रात वर्गात एक साधा प्रयोग दाखवते. छापील कागदावर घासलेल्या काचेचा तुकडा ठेवायचा, खरखरीत बाजू वर. अक्षरं दिसत नाहीत. मग त्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. काचेवरचे बारीक खळगे पाण्याने भरतात, काच गुळगुळीत असल्यासारखी वागू लागते, आणि थेंबाखालचं अक्षर लख्ख वाचता येतं. मुलं "अरे!" म्हणतात. सव्वीस वर्षं ती "अरे!" म्हणत आली आहेत.

आई डोक्यावर तांब्या जोरात ओततात. दुसऱ्या तांब्याला ठिपक्याचा हात झाला, तिसऱ्याला खांदा. अख्खी खिडकी तुकड्यातुकड्याने उघडत होती. कोणी आंघोळ करत नसताना काहीही दिसणार नाही आणि आंघोळ सुरू झाली की सगळं दिसेल, अशी खिडकी मी गणित करून बसवली होती.

"आं! आं आं!" मी म्हणाले.

"दुखतंय?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "थांबा, अजून थोडं देतो." आणि त्यांनी दुसरं इंजेक्शन दिलं.

त्यानंतर मला हनुवटी आहे की नाही हेही कळेनासं झालं. मी बोटाने खिडकी दाखवायला लागले. डॉक्टरांना वाटलं मला ऊन लागतंय. त्यांना वळून पाहायला आणखी अर्धं मिनिट लागलं, आणि त्या अर्ध्या मिनिटात मी पाहत राहिले, कारण खुर्चीतून दुसरं काही करता येत नव्हतं.

आईंनी खिडकीच्या कट्ट्यावरचा साबण न चाचपडता उचलला आणि वापरून बरोबर त्याच जागी ठेवला. मग मान, मग कानामागे. तांब्या कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, दांडीला टॉवेल. उठण्याआधी त्यांचा डावा हात वर आला, त्याने दांडी शोधली नाही, सरळ धरली, आणि त्या सावकाश उभ्या राहू लागल्या. काही क्षण त्यांचा चेहरा उन्हाकडे होता. डोळे मिटलेले. मला इतक्या वर्षांत त्या इतक्या निवांत कधी दिसल्या नव्हत्या.

मग डॉक्टरांनी मान वळवली, "अरे बापरे" म्हणून तितक्याच वेगाने परत फिरवली आणि एक्स-रेच्या वेळी पेशंटच्या अंगावर टाकायचा शिशाचा जड एप्रन मान न वळवता, उलट्या पावलांनी जाऊन, खिडकीवर अडकवला.

"मी काही पाहिलं नाही," ते भिंतीकडे बघत म्हणाले. भिंतीवर माझी आकृती होती.

मी घरी पोचले तेव्हा आई केस पुसत बसल्या होत्या आणि नवरा दाराजवळच्या खुर्चीत. मला सगळं सांगायचं होतं, पण दोन इंजेक्शनांनंतर माझ्या तोंडातून फक्त लाळ येत होती. मी वहीचं पान फाडलं आणि लिहून नवऱ्याच्या हातात दिलं. आईंना आता वाचण्याइतकं दिसत नाही, त्यामुळे ते त्याला मोठ्याने वाचावं लागलं.

"'काच ओली झाली की आरपार दिसते. चूक माझी आहे. काच उद्या उलटी बसवायची.'" नवरा थांबला. "म्हणजे दिसलं?"

"कोणी पाहिलं?" आईंनी विचारलं.

मी स्वतःकडे बोट दाखवलं, मग दवाखान्याकडे, आणि दोन बोटांत अगदी थोडंसं अंतर ठेवून दाखवलं.

"ही म्हणते तिने पाहिलं, आणि डॉक्टरने एवढंसं," नवरा म्हणाला.

"डॉक्टर ना तो? त्याला माणसाला खांदा असतो हे माहीत असेल. पुढे वाच."

"'आईंना मी पूर्ण वेळ पाहिलं. साबण एकदाही निसटला नाही. एकदाही चाचपडल्या नाहीत. उठताना दांडी पहिल्या प्रयत्नात धरली. तोल गेला नाही. मी यापेक्षा जास्त वेळा धडपडते.'" त्याने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

"सही आहे का तिची?" आई म्हणाल्या.

"आहे. तारीख पण आहे."

"मग?"

नवरा थोडा वेळ कागदाची घडी घालत बसला. मग उठला आणि बहिणीला फोन लावला. "त्या बाईंना नको म्हणून सांग," तो म्हणाला. "नाही, तसं नाही. हिने बघितलंय. लिहून दिलंय."

दुसऱ्या दिवशी काचवाला आला. मी म्हटलं, खरखरीत बाजू बाहेर घ्या.

"धूळ बसेल, ताई," तो म्हणाला.

"बसू द्या."

त्याने काच उलटवून बसवली. त्याने एखादा शब्द बोलायला हवा होता, मला बरं वाटलं असतं. जाताना मीच विचारलं की पावसात बाहेरून ओली झाली तर? त्याने पेन्सिलीने वर दाखवलं. खिडकीवर दोन फुटांचा छज्जा होता. तो बावीस वर्षं तिथेच होता आणि माझ्या वहीत कुठेही नव्हता. धुळीसाठी त्याने लांब दांड्याचा ब्रश सुचवला, जाळीतून जाणारा. बाथरूम आहे हेच कारण होतं.

राहिलं पत्र. मुदत सोमवारी संपत होती. डॉक्टर मात्र सही करायला तयार होईनात.

"मी शनिवारपासून तिकडे बघतच नाही," ते म्हणाले. "न बघता काही दिसत नाही असं कसं लिहू? आणि लिहायचं म्हणून बघू, तर तेही बरं दिसत नाही."

तत्त्वाला धरून होतं. सेक्रेटरींनी फाइल उघडली आणि पोटनियम काढला: समोरच्याने नकार दिल्यास अर्जदार सोडून कोणीही एका व्यक्तीने समोरच्या जागेवरून प्रत्यक्ष पाहणी करून सही करावी. सोमवारी सकाळी आईंची कवळी सैल झाली होती म्हणून त्यांना दवाखान्यात न्यायचंच होतं. आई पायऱ्या मोजत, कोणाचा हात न धरता वर गेल्या आणि निळ्या खुर्चीत आडव्या झाल्या. सेक्रेटरी फॉर्म घेऊन शेजारी उभे राहिले. तिकडे आमच्या बाथरूममध्ये नवरा लाल शर्टासकट काचेवर तांब्यामागून तांब्या पाणी फेकत होता. मी मागे उभी होते आणि मला खरोखरच काही दिसत नव्हतं. गुलाबी धुकंसुद्धा जवळजवळ नाहीच. पण मी अर्जदार. माझं निरीक्षण धरता येत नव्हतं.

"आजी, समोर बघा," सेक्रेटरी म्हणाले. "खिडकीत कोणी दिसतंय का?"

आईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली, मग उजेडाच्या दिशेने, आणि नीट, पुरेसा वेळ घेऊन पाहिलं.

"काहीही नाही," त्या म्हणाल्या.

"नक्की? हालचाल, सावली?"

"अहो, शपथेवर सांगते. मला काडीइतकं दिसत नाहीये."

सेक्रेटरींनी ते शब्दशः लिहून घेतलं आणि सहीची जागा दाखवली. मी आईंचं बोट त्या जागेवर टेकवलं, जसं वयस्कर माणसाला कोणीही टेकवून देतं, आणि त्यांनी सही केली. डॉक्टर भिंतीकडे बघत होते.

फॉर्म मी दोनदा वाचला. निरीक्षण खरं होतं, तारीख आणि वेळ बरोबर होती. निरीक्षकाच्या नजरेसाठी रकाना नव्हता.